छायाचित्रातील बिंदू आणि मुद्रित प्रतीचा आकार

एखाद्या शाळेचा अमृतमहोत्सव साजरा होतो. आजी-माजी शिक्षक, विद्यार्थी व ग्रामस्थ यांचे एकत्रित छायाचित्र घेतले जाते. संध्याकाळपर्यंत ते प्रत्येकाच्या मोबाईलवर पोहोचते आणि सर्वांना पसंत पडते. त्याची तीन फूट लांबीची प्रत काढून ती सभागृहात लावावी, असे शाळा समिती ठरवते. प्रत्यक्षात प्रत तयार होऊन येते, तेव्हा मागच्या रांगेतील चेहरे ओळखू येत नाहीत, कडा दातेरी दिसतात आणि एकंदर चित्रावर धुके पसरल्यासारखे वाटते. मोबाईलवर स्वच्छ दिसणारे तेच छायाचित्र भिंतीवर असे का दिसावे? दोष कॅमेऱ्याचा, छपाई करणाऱ्याचा की छायाचित्रकाराचा?

बहुतेक वेळा दोष यांपैकी कोणाचाच नसतो. छायाचित्रात किती बिंदू आहेत, ते किती जागेवर पसरले जाणार आहेत आणि पाहणारा किती अंतरावर उभा राहणार आहे, या तीन गोष्टींचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ साध्या गुणाकार-भागाकाराने आधीच पाहता येतो. शाळा, ग्रामपंचायती व कार्यालये यांच्याकडे आज छायाचित्रांचा मोठा साठा जमा होत आहे. पूर्ण झालेली कामे, सभा, समारंभ, वयोवृद्ध ग्रामस्थ, जुन्या वास्तू यांची ती नोंद आहे. पुढे केव्हातरी ही छायाचित्रे छापावी लागतील. त्या वेळी ती उपयोगी पडतील की नाही, हे बव्हंशी आज आपण ती कशी टिपतो व कशी जपतो यावर अवलंबून राहील.

ठिपक्यांची रांगोळी

डिजिटल छायाचित्र म्हणजे एक प्रकारे ठिपक्यांची रांगोळी होय. आडव्या व उभ्या ओळींत मांडलेले असंख्य सूक्ष्म चौकोनी ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला एकच रंग, अशी तिची रचना असते. या ठिपक्यास पिक्सेल असे म्हणतात. आडव्या ओळीत ४,००० आणि उभ्या ओळीत ३,००० पिक्सेल असतील, तर एकूण संख्या १,२०,००,००० म्हणजे एक कोटी वीस लाख होते. ‘मेगा’ म्हणजे दहा लाख. म्हणून असे छायाचित्र देणारा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा ठरतो.

रांगोळीचे ठिपके जितके ठरले तितकेच राहिले आणि अंगण मात्र मोठे झाले, तर दोन ठिपक्यांमधील अंतर वाढवावे लागते. छायाचित्राचेही तसेच आहे. प्रत मोठी केल्याने पिक्सेल वाढत नाहीत. प्रत्येक पिक्सेल तेवढा मोठा होतो. तो डोळ्यास वेगळा दिसू लागला की चित्राचा सलगपणा संपतो.

पिक्सेल निर्माण होतात ते भिंगामागे बसविलेल्या संवेदकावर. प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो ओळीने मोजून घेण्याची युक्ती विलार्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली शोधून काढली. त्याबद्दल त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या तत्त्वावरचा पहिला हाताळता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोग्रॅमहून अधिक होते आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास त्याला २३ सेकंद लागत. त्या चित्रात आडवे १०० व उभे १०० असे अवघे १०,००० पिक्सेल होते. आजच्या चांगल्या छपाईच्या मापाने त्याची प्रत काढायची म्हटली, तर ती एका इंचाच्या एकतृतीयांश भागाएवढी, म्हणजे जवळजवळ हरभऱ्याच्या दाण्याएवढी होईल! त्या दाण्यापासून भिंतीएवढ्या प्रतीपर्यंत मजल गेली आहे, ती मुख्यतः पिक्सेलांची संख्या वाढल्यामुळे.

इंचाला तीनशे का?

छपाईच्या व्यवहारात ‘इंचाला तीनशे’ हे माप सर्वत्र ऐकू येते. त्याला दोन आधार आहेत. पहिला आधार मानवी डोळ्याचा. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. पुस्तक किंवा छायाचित्र हातात धरून आपण सुमारे दहा इंचांवरून पाहतो. त्या अंतरावर हा कोन इंचाच्या सुमारे ३४० व्या भागाएवढा भरतो. म्हणजे एका इंचात तीनशे-साडेतीनशे बिंदू असले, की डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत आणि चित्र सलग भासते.

दुसरा आधार मुद्रणकलेचा. छापखान्यात करड्या रंगाची छटा थेट छापता येत नाही. लहान-मोठ्या ठिपक्यांच्या जाळीतून तिचा भास निर्माण करावा लागतो. हाफटोन नावाची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. चित्रपटनिर्मितीकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचा आणि ठसे करून छपाई करण्याचाच व्यवसाय केला होता, हे अनेकांना ठाऊक असेल. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर ही जाळी विरळ ठेवतात. गुळगुळीत कागदावरील नियतकालिकांसाठी ती इंचाला १३३ ते १५० ओळींची असते. जाळीच्या प्रत्येक ओळीसाठी छायाचित्रातील दोन पिक्सेल असावेत, असा मुद्रकांचा जुना अनुभव आहे. दीडशेची दुप्पट तीनशे. अशा रीतीने दोन्ही वाटा एकाच आकड्यापाशी येऊन मिळतात.

या मापाने हातात धरून पाहण्याच्या उत्तम प्रतीसाठी पुढीलप्रमाणे पिक्सेल लागतात :

४ × ६ इंच : १,२०० × १,८०० पिक्सेल, एकूण सुमारे २२ लाख
५ × ७ इंच : १,५०० × २,१०० पिक्सेल, एकूण सुमारे ३२ लाख
८ × १० इंच : २,४०० × ३,००० पिक्सेल, एकूण ७२ लाख
१२ × १८ इंच : ३,६०० × ५,४०० पिक्सेल, एकूण सुमारे १ कोटी ९४ लाख
२० × ३० इंच : ६,००० × ९,००० पिक्सेल, एकूण ५ कोटी ४० लाख

हे गणित उलटही करता येते. छायाचित्राच्या आडव्या व उभ्या पिक्सेलसंख्येस ३०० ने भागले, की हातात धरून पाहण्याजोग्या प्रतीचा आकार इंचांत मिळतो. १२ मेगापिक्सेलचे ४,००० × ३,००० चे छायाचित्र या हिशेबाने सुमारे १३ × १० इंचांपर्यंत निर्धास्तपणे छापता येते. पिक्सेलसंख्या मोबाईलवर किंवा संगणकावर त्या छायाचित्राच्या तपशिलात पाहावयास मिळते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘छायाचित्र ३०० डीपीआयचे असावे’ अशी अट पुष्कळ पत्रकांत असते. प्रतीचा आकार सांगितल्याशिवाय ही अट अपुरी आहे. फाइलमध्ये लिहिलेला ७२ किंवा ३०० हा आकडा केवळ एक सूचनाचिठ्ठी असते. चिठ्ठी बदलल्याने आतील पिक्सेल कमी-जास्त होत नाहीत. ३.५ × ४.५ सेंटिमीटरच्या ओळखपत्राच्या छायाचित्रास इंचाला तीनशेच्या मापाने सुमारे ४१३ × ५३१ पिक्सेल पुरतात, तर त्याच मापाने पूर्ण ए-४ पानासाठी २,४८० × ३,५०८ लागतात. म्हणून मागणी करणाऱ्या कार्यालयाने पिक्सेलसंख्या किंवा प्रतीचा आकार स्पष्टपणे कळविला, तर दोन्ही बाजूंचा वेळ वाचेल. छपाईयंत्राच्या माहितीपत्रकातील १,२०० किंवा २,४०० हे आकडे शाईच्या सूक्ष्म थेंबांचे असतात. एक पिक्सेल उमटविण्यास असे अनेक थेंब लागतात. सबब त्या आकड्यांची गल्लत छायाचित्राच्या पिक्सेलांशी करू नये.

दुप्पट प्रतीला चौपट बिंदू

प्रतीची लांबी व रुंदी दोन्ही दुप्पट केली, की क्षेत्रफळ चौपट होते. ज्या शेताची लांबी व रुंदी दुप्पट केली त्याला बियाणे चौपट लागते, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याऐवजी २४ मेगापिक्सेलचा घेतला म्हणून दुप्पट लांबी-रुंदीची प्रत निघत नाही. प्रत्येक बाजू सुमारे १.४ पटच वाढते. बाजू दुप्पट करावयाची, तर ४८ मेगापिक्सेल लागतील. सार्वजनिक पैशातून कॅमेरा खरेदी करताना केवळ मेगापिक्सेलच्या आकड्यावर निर्णय घेणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

शिवाय पिक्सेल जास्त असले म्हणजे तपशील जास्त असतोच, असे नाही. भिंग कमी प्रतीचे असेल, प्रकाश अपुरा असेल, हात हलला असेल किंवा भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असेल, तर कोट्यवधी पिक्सेल मिळून अस्पष्ट चित्रच नोंदवतात. संवेदकाच्या क्षेत्रफळासही महत्त्व आहे. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची असे आणि तेवढाच संवेदक असणारे मोठे कॅमेरे आज वापरात आहेत. मोबाईलचा संवेदक त्याच्या मानाने फारच लहान असतो. त्यावर पिक्सेल दाटीवाटीने बसविले, की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि मंद उजेडात चित्र रवाळ दिसू लागते. यावर उपाय म्हणून ४८ मेगापिक्सेलचे म्हणून विकले जाणारे अनेक मोबाईल चार शेजारी पिक्सेलांची बेरीज करून नेहमीचे छायाचित्र १२ मेगापिक्सेलचेच देतात. यात फसवणूक नाही. मात्र प्रतीचा हिशेब करताना हाती आलेल्या छायाचित्राची पिक्सेलसंख्या पाहावी, खोक्यावरील आकडा धरू नये.

पाहणाऱ्याचे अंतर

इंचाला तीनशे हे माप हातात धरलेल्या प्रतीचे आहे. प्रत जसजशी दूर जाते, तसतशी बिंदूंची गरज कमी होते. ढोबळ नियम असा : ३,४०० या संख्येला पाहणाऱ्याच्या इंचांतील अंतराने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एका इंचात लागणारे पिक्सेल. दहा इंचांवर ३४०, तीन फुटांवर म्हणजे ३६ इंचांवर सुमारे ९४, आणि तीस फुटांवर अवघे नऊ-दहा.

या नियमामुळे वरकरणी चमत्कारिक वाटणारी एक गोष्ट उलगडते. रस्त्यालगतचा २० × १० फुटांचा फलक तीस फुटांवरून पाहावयाचा असेल, तर इंचाला दहा पिक्सेल पुरतात. म्हणजे २४० इंचांच्या लांबीस २,४०० आणि १२० इंचांच्या उंचीस १,२००, एकूण २९ लाखांच्या आत. हातात धरावयाच्या ८ × १० इंचांच्या उत्तम प्रतीला ७२ लाख पिक्सेल लागतात, पण एवढ्या प्रचंड फलकाला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतात! जवळ जाऊन पाहिल्यास फलकावरील चित्र फुटलेले दिसते. दुरून ते ठसठशीत असते. मात्र तोच फलक ग्रामपंचायत कार्यालयाच्या ओसरीत लावला आणि लोक दोन हातांवरून तो वाचू लागले, तर तेवढे पिक्सेल पुरणार नाहीत. फलक कोठे लागणार, हे छायाचित्र निवडण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

अमृतमहोत्सवाच्या छायाचित्राचे काय झाले?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. समजा, ते छायाचित्र १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने घेतले होते. त्याची लांब बाजू ४,००० पिक्सेलांची. तीन फूट म्हणजे ३६ इंच लांबीची प्रत काढली, तर इंचाला १११ पिक्सेल येतात. तीन फुटांवरून पाहण्यास सुमारे ९४ लागतात. म्हणजे मूळ छायाचित्र या प्रतीला पुरेसे होते.

परंतु छपाईसाठी मूळ छायाचित्र गेलेच नाही. गेली ती संदेशातून फिरत आलेली प्रत. मोबाईलवरील संदेशसेवा जलद पाठवणीसाठी छायाचित्र लहान करतात. त्याची लांब बाजू पुष्कळदा १,६०० पिक्सेलांच्या आसपास आणली जाते. ३६ इंचांवर ते पसरले की इंचाला जेमतेम ४४ पिक्सेल उरतात. ही प्रत साडेसहा फुटांहून दूर उभे राहिल्यासच सलग दिसेल. शाळेच्या भिंतीवरील छायाचित्रात आपला वा आपल्या वडिलांचा चेहरा शोधणारा माणूस तितक्या दूर कधीच उभा राहत नाही.

मग मोबाईलवर ते स्वच्छ कसे दिसले? उभ्या धरलेल्या मोबाईलच्या पडद्याच्या रुंदीत सामान्यतः हजार-अकराशे पिक्सेल असतात. त्यावर आडवे छायाचित्र दाखविण्यास आठ-नऊ लाख पिक्सेल पुरतात. वीस लाखांचे आणि दोन कोटींचे छायाचित्र त्या पडद्यावर सारखेच दिसते. प्रतीची परीक्षा करण्यास मोबाईलचा पडदा पुरेसा नाही, तो यामुळे.

बिंदू कोठे गळतात?

संदेशसेवेखेरीज पिक्सेल गळण्याच्या आणखी काही वाटा आहेत. छायाचित्र घेताना बोटांनी चित्र मोठे करून जवळ आणले जाते, तेव्हा अनेकदा भिंग काहीच करीत नाही. कॅमेरा केवळ मधला भाग कापून घेतो. दुप्पट जवळ आणले, की एकचतुर्थांश भाग शिल्लक राहतो, म्हणजे १२ मेगापिक्सेलपैकी फक्त ३ मेगापिक्सेलांचा खरा तपशील उरतो. शक्य तेथे चार पावले पुढे जाणे केव्हाही हिताचे. पडद्याचे चित्र म्हणजे स्क्रीनशॉट घेऊन पाठविल्यास पडद्याएवढेच पिक्सेल जातात. छायाचित्र कापून-छाटून मूळ फाइलवरच साठविले, तर छाटलेला भाग परत मिळेलच याची खात्री नसते. जेपीईजी या प्रचलित प्रकारात फाइल लहान करण्यासाठी चित्राचे आठ-आठ पिक्सेलांचे चौकोन करून बारीक तपशील थोडाफार टाकून दिला जातो. तीच फाइल पुन्हा पुन्हा दुरुस्त करून साठविली, तर प्रत्येक वेळी थोडे थोडे नुकसान होते.

गेलेले पिक्सेल पुन्हा आणता येतात काय? संगणक दोन पिक्सेलांच्या मधली सरासरी काढून नवे पिक्सेल भरू शकतो. त्यामुळे दातेरी कडा मऊ होतात, पण नवा तपशील येत नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली साधने चेहऱ्यांना रेखीवपणा देतात. तो रेखीवपणा हजारो अन्य चित्रांवरून बांधलेला अंदाज असतो. शोभेच्या चित्रास तो चालेल. परंतु कामाच्या नोंदीसाठी, ओळख पटविण्यासाठी किंवा दिवंगत व्यक्तीच्या स्मृतिचित्रासाठी असा अंदाज वापरणे धोक्याचे आहे. चित्र सुंदर होते, पण त्यातील माणूस तोच राहील याची हमी नसते.

जुन्या छायाचित्रांचे जतन

अनेक गावांत स्वातंत्र्यसैनिकांची, शाळेच्या संस्थापकांची, पहिल्या पंचायतीच्या सदस्यांची एखाद-दुसरीच जुनी प्रत शिल्लक असते. ती भिंतीवर मोठी करून लावावयाची असेल, तर मोबाईलने तिचे छायाचित्र घेण्यापेक्षा स्कॅन करणे श्रेयस्कर. स्कॅन करताना माप ठरविण्याची रीत सोपी आहे : जितके पट मोठे करावयाचे, तितक्या पटीने तीनशेला गुणावे. ३ × २ इंचांची प्रत इंचाला ३०० ने स्कॅन केली, तर ९०० × ६०० पिक्सेल मिळतात व छापील प्रत मूळ आकाराचीच निघते. ६०० ने केली, तर ६ × ४ इंचांची प्रत मिळते. यापुढे माप कितीही वाढविले तरी जुन्या कागदावर जो तपशील उमटलेलाच नाही तो मिळत नाही. निगेटिव्ह उपलब्ध असेल, तर तिलाच प्राधान्य द्यावे. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह इंचाला २,४०० ने स्कॅन केली, तर सुमारे ३,४०० × २,२७० पिक्सेल मिळतात आणि त्यांतून ११ × ७ इंचांची चांगली प्रत निघू शकते.

एवढे केले तर

याकरिता मोठा खर्च लागत नाही. थोडी शिस्त लागते. महत्त्वाच्या प्रसंगी कॅमेरा सर्वांत मोठ्या आकाराच्या छायाचित्रावर लावावा. मोठ्या समूहाचे छायाचित्र पुरेशा उजेडात, कॅमेरा तिपाईवर ठेवून घ्यावे. घेतलेली मूळ फाइल त्याच दिवशी संगणकावर उतरवून तिला दिनांक, स्थळ व प्रसंग यांचे नाव द्यावे आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. दुरुस्त्या मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर कराव्यात. छपाईसाठी फाइल संदेशातून पाठवावीच लागली, तर ती छायाचित्र म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवावी, म्हणजे ती लहान केली जात नाही. मोठी प्रत काढण्यापूर्वी पिक्सेलसंख्येस इंचांनी भागून पाहावे आणि शक्य असल्यास चेहऱ्यांच्या भागाचा लहानसा तुकडा प्रत्यक्ष मापाने छापून घ्यावा. विद्यालयांतून हे गणित क्षेत्रफळ व गुणोत्तर यांच्या पाठाबरोबर करून घेतल्यास विद्यार्थ्यांनाही त्यात गोडी वाटेल.

धूसर प्रत पुन्हा छापता येते. तिचा खर्च फार तर काही शे रुपये. पण मूळ छायाचित्र पुसले गेले आणि हाती फक्त फिरती प्रत उरली, तर त्या दिवशी मागच्या रांगेत उभा असलेला माणूस कोणत्याही खर्चाने पुन्हा स्पष्ट दिसणार नाही. मोजमापपुस्तिका व इतिवृत्त आपण कुलुपात ठेवतो. मूळ छायाचित्रासही तोच मान मिळाला पाहिजे.